काळोखात सापडेल अशी सॅक

अलंग, मदन आणि कुलंग हे कळसूबाईच्या रांगेतले तीन शेजारी किल्ले. १८१८ साली मराठी राज्य बुडाल्यावर इंग्रजांनी सह्याद्रीतल्या कितीतरी गडांच्या वाटा सुरुंग लावून फोडल्या. इथल्या कातळात खोदलेल्या पायऱ्याही त्यातच गेल्या. त्यामुळे अलंग किंवा मदनच्या माथ्यावर जायचं तर आजही दोर लावून कातळटप्पा चढावा लागतो. अशा टप्प्यावर माणसं आधी वर जातात आणि सॅका मागून, दोराला बांधून, एकेक करून ओढून घेतल्या जातात. कोणाची सॅक कशी भरली आहे, हे तिथे सगळ्यांना दिसतं. आटोपशीर बांधलेली सॅक कातळाला घासत सरळ वर येते. जिच्या बाहेर मग, चपला, ओला टॉवेल आणि आडवी बांधलेली कॅरीमॅट लटकत असते, ती प्रत्येक खोबणीत अडकते, गरगर फिरते, आणि एखादी सुटलेली बाटली खाली थांबलेल्यांच्या दिशेने येते. कातळाखाली हेल्मेट काढायचं नाही हा नियम निव्वळ निसटत्या दगडांसाठी नाही.

सॅक भरली जाते घरात. दिव्याच्या उजेडात, सतरंजीवर सगळं सामान पसरून, हाताशी भरपूर वेळ असताना. उघडायची वेळ येते ती मात्र भलत्याच ठिकाणी. पाऊस अचानक कोसळायला लागतो, सोबत्याचा पाय मुरगळतो, उतरताना वाट चुकते आणि खिंडीतच अंधार पडतो. त्या घटकेला हवी असलेली वस्तू किती लवकर हाताला लागते, यावरून सॅक चांगली भरली की वाईट ते ठरतं. घरून निघताना ती किती नीटनेटकी दिसत होती, याला फारसं महत्त्व नाही.

आधी वजनाचं पाहू. पाण्याने भरलेली घागर कमरेवर घेऊन बायका विहिरीपासून घरापर्यंत चालत येतात. तीच घागर हात लांब करून धरली तर दहा पावलांत खांदा भरून येईल. वजन तेवढंच असतं, फक्त अंगापासूनचं अंतर वाढलेलं असतं. सॅकमध्येही हेच घडतं. जड वस्तू कण्यापासून जितकी लांब, तितकी ती माणसाला मागे खेचते. मग तोल सांभाळायला तो कमरेत वाकून चालतो आणि संध्याकाळपर्यंत मान आणि कंबर दोन्ही बोलायला लागतात. म्हणून जड सामानाची जागा ठरलेली आहे: सॅकचा मधला भाग, पाठीला अगदी चिकटून, साधारण खांद्याच्या पात्यांपासून कमरेच्या जरा वरपर्यंत. शिधा, टोप, गॅसची टाकी, पाण्याचा जादा साठा हे सगळं इथे. मळलेल्या सपाट वाटेवर हे वजन थोडं वर असलं तरी चालतं, उलट बरंच वाटतं. घसाऱ्यावर, शिडीवर किंवा कातळावर मात्र ते थोडं खाली आणावं, कारण वरचं वजन वळताना झोल देतं आणि नेमका तो झोलच माणसाला पाडतो.

डावी-उजवी बाजूही सारखी हवी. एका कडेच्या खिशात भरलेली लिटरची बाटली आणि दुसऱ्या कडेला रिकामा खिसा, असं करून दिवसभर चाललं तर एक खांदा हमखास आखडतो. दोन बाटल्या असतील तर दोन्हींतून आलटून पालटून पाणी प्यावं. ऐकायला क्षुल्लक वाटतं, पण आठ तासांच्या चालीत याचा फरक पडतो.

माणूस पाठीवर सामान वाहतो आहे ते हजारो वर्षांपासून. १९९१ साली आल्प्समध्ये बर्फात सापडलेल्या सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीच्या माणसाजवळ, म्हणजे ज्याला ओत्झी हे नाव मिळालं त्याच्याजवळ, हेझलची वाकवलेली काठी आणि लार्चच्या फळ्या मिळाल्या. ती पाठीवरच्या ओझ्याची चौकट असावी, असं संशोधक मानतात. पण ओझं खांद्यावरून उतरवून कमरेवर कसं आणायचं, याचं चांगलं उत्तर मिळायला विसावं शतक अर्धं सरावं लागलं. कॅलिफोर्नियातला डिक केल्टी हा त्यातला मोठा माणूस. सिएरा नेव्हाडा पर्वतात भटकताना त्याच्या सोबत्याने लाकडी चौकटीची खालची टोकं आपल्या पँटच्या मागच्या खिशांत खोचली आणि खांद्यांवरचा भार एकदम हलका झाला, अशी कहाणी सांगितली जाते. १९५२ साली केल्टीने ॲल्युमिनियमची चौकट, नायलॉनची पिशवी आणि कमरेचा पट्टा असलेल्या सॅका घरीच बनवून विकायला सुरुवात केली. शिवणकाम त्याची बायको नीना करत असे. पुढे १९६७ साली ग्रेग लोव याने ती चौकट पिशवीच्या आत घेतली. आज दुकानात टांगलेल्या बहुतेक मोठ्या सॅका याच वळणाच्या असतात.

इतकी खटपट करून शोधलेला तो कमरेचा पट्टा आपल्याकडे बरेच जण लावतच नाहीत. किंवा लावतात तो पोटावर. तिथे तो काही पेलत नाही, उलट श्वास अडवतो. त्याची जागा कमरेच्या दोन्ही बाजूंना हाताला लागणाऱ्या हाडाच्या कडेवर असते. सॅक चढवताना आधी सगळे पट्टे सैल करावेत, मग कमरेचा पट्टा त्या हाडावर बसवून घट्ट आवळावा. त्यानंतर खांद्याचे पट्टे ओढावेत, पण इतकेच की ते अंगाला लागतील, टांगल्यासारखे ताणले जाणार नाहीत. खांद्यावरून सॅकच्या माथ्याकडे जाणारे दोन छोटे पट्टे ओढले की सॅकचं डोकं पाठीकडे येतं. शेवटी छातीवरचा पट्टा. हा क्रम उलटा केला तर सगळा भार खांद्यांवर राहतो आणि सॅक कितीही महागाची असली तरी तिचा उपयोग होत नाही.

सॅक निवडताना लोक लिटर विचारतात. एका दिवसाच्या चालीला २० ते ३० लिटर पुरते, एक-दोन मुक्कामांना ४० ते ६०, हिमालयात स्वतःचं ओझं स्वतः वाहायचं असेल तर ६० ते ७५. पण त्याहून महत्त्वाची आहे पाठीची लांबी. मान खाली घातल्यावर मानेच्या तळाशी जो मणका वर येतो, तिथपासून कमरेच्या हाडांच्या रेषेपर्यंत मोजायचं. दोन सारख्या उंचीच्या माणसांत हे माप बरंच वेगळं असू शकतं. उंची पाहून भावाची सॅक बहिणीला दिली की पट्टा हाडाच्या खाली जातो, आणि दोष मात्र तिच्या ताकदीला लागतो.

आता प्रत्यक्ष ओझं. दोन मुक्कामांच्या अलंग-मदन-कुलंगच्या चालीसाठी हिशेब साधारण असा होतो. रिकामी सॅक दोन किलो, स्लीपिंग बॅग सव्वा किलो, कॅरीमॅट पाव किलोच्या आसपास, कपडे दीड किलो, शिधा पावणेदोन किलो, हार्नेस, हेल्मेट आणि कॅराबिनर मिळून सव्वा किलो, औषधं, विजेरी आणि बारीकसारीक वस्तू पाऊण किलो, टोप आणि दोर यांतला स्वतःचा वाटा दीड किलो, आणि पाणी साडेतीन लिटर म्हणजे साडेतीन किलो. बेरीज पावणेचौदा किलोवर जाते. मुक्कामी ओझं शरीराच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास असावं, असा अनुभवी मंडळींचा ठोकताळा आहे. ६५ किलोच्या माणसासाठी तो १३ किलो होतो. म्हणजे वरची यादी काटकसरीची असूनही काठावरच आहे. तीत जीन्स, दुसरे बूट किंवा जाडजूड चादर घातली की काठ ओलांडला जातो.

या हिशेबात पायांचंही वजन धरायला हवं. १९६९ सालच्या एका प्रसिद्ध अभ्यासात असं दिसलं, की पायांवर वाहिलेल्या एका किलोसाठी चालताना लागणारी ऊर्जा धडावरच्या एका किलोपेक्षा चार ते सहा पट असते. बूट दणकट हवेत हे खरं, पण विनाकारण जड बूट घेण्याआधी हा आकडा आठवावा.

बेरजेतला चौथा हिस्सा पाण्याचा आहे, आणि सह्याद्रीची खरी अडचण इथेच आहे. पावसाळ्यात पाणी सगळीकडे, जानेवारीनंतर ते गडावरच्या टाक्यांत, आणि एप्रिल-मेमध्ये त्यातल्या बऱ्याच टाक्यांचा तळ दिसतो. कुलंगवर टाक्यांची अख्खी रांग आहे, पण तिथे पोचेपर्यंतचा चढ दमछाक करणारा आणि कोरडा आहे. म्हणून पाण्याची चौकशी पायथ्याच्या गावात, आंबेवाडीतच करायची. त्या आठवड्यात कुठलं टाकं पिण्याजोगं आहे हे नकाशाला ठाऊक नसतं, गावातल्या माणसाला असतं. टाक्यातलं पाणी फडक्यातून गाळून, उकळून किंवा क्लोरीनचे थेंब टाकून घ्यावं, आणि ते थेंब शिध्याच्या तळाशी न ठेवता बाटलीजवळच ठेवावेत.

सॅकमध्ये सामान रचायचं ते दिवसाच्या उलट क्रमाने. जे सगळ्यांत शेवटी लागणार ते तळाशी. स्लीपिंग बॅग आणि रात्रीचे कपडे मुक्कामावर पोचल्याशिवाय लागत नाहीत, म्हणून त्यांची जागा खाली. शिवाय ते मऊ आणि हलके असल्याने वरचं जड सामान त्यांच्यावर नीट बसतं. मधला भाग जड वस्तूंचा. त्यांच्यापुढे, पाठीपासून लांबच्या बाजूला, हलके कपडे कोंबून फटी बुजवायच्या. टोप रिकामा ठेवू नये. त्यात तिखटमिठाच्या डब्या, चहा-साखर किंवा मोजे राहतात. माथ्याजवळ पावसाळी जॅकेट, दुपारच्या खाण्याचा डबा आणि औषधांची पिशवी. झाकणाच्या खिशात विजेरी, काडेपेटी, ओळखपत्र, किल्ल्या. कमरेच्या पट्ट्यावरच्या खिशात चिक्की, खारे दाणे, लिंबाच्या गोळ्या, म्हणजे चालता चालता हात घालता येतो आणि सॅक उतरवावी लागत नाही.

विजेरी नेहमी एकाच खिशात ठेवायची, आणि तो खिसा कधीही बदलायचा नाही. याबद्दल अनुभवी मंडळी हट्टी असतात आणि तो हट्ट योग्य आहे. संध्याकाळी साडेसहाला कारवीच्या रानात शिरल्यावर दहा मिनिटांत काही दिसेनासं होतं. तेव्हा विजेरी शोधायला विजेरी लागते, अशी वेळ आलेले गट कमी नाहीत. कपाळावर बांधायची विजेरी सगळ्यांत चांगली, कारण शिडीवर दोन्ही हात मोकळे राहतात. बटण सॅकमध्ये दाबलं जाऊन ती दिवसभर जळत राहू नये, म्हणून तिच्यातला एक सेल उलटा बसवून ठेवायचा आणि संध्याकाळी सरळ करायचा. मोबाइलच्या उजेडावर विसंबणं धोक्याचं आहे. रेंज नसलेल्या दरीत फोन सतत टॉवर शोधत राहतो आणि त्याची बॅटरी सर्वांत आधी बसते. तो विमान-मोडवर ठेवून बॅटरी मदतीच्या फोनसाठी राखावी.

अमेरिकेत सिॲटलच्या ‘द माउंटेनियर्स’ या संस्थेने १९३० च्या दशकात आपल्या शिकाऊ गिर्यारोहकांसाठी दहा आवश्यक वस्तूंची यादी तयार केली. १९७४ साली ती त्यांच्या पाठ्यपुस्तकात छापली गेली आणि जगभर पसरली. नकाशा, होकायंत्र, उन्हाचा चष्मा व मलम, जादा कपडे, विजेरी, प्रथमोपचार, आग पेटवायचं साधन, काडेपेटी, चाकू आणि जादा अन्न. पुढे २००३ साली ही यादी वस्तूंऐवजी गरजांप्रमाणे मांडली गेली: दिशा, उजेड, ऊब, पाणी, निवारा अशी. हा बदल फार शहाणपणाचा होता. मेमध्ये भर दुपारी तापलेल्या कातळावर जाणाऱ्याला आणि डिसेंबरात गुहेत झोपणाऱ्याला एकच यादी कशी पुरेल? गरजा मात्र दोघांच्या त्याच असतात. सह्याद्रीपुरती भर घालायची तर शिट्टीची घालावी. बऱ्याच सॅकांच्या छातीवरच्या बकलातच ती असते आणि मालकाला पत्ता नसतो. मिनिटात सहा वेळा वाजवणं, मग मिनिटभर थांबणं, ही डोंगरातली मदतीची हाक आहे. उत्तर मिनिटात तीन वेळा. धुक्यात आवाज बसलेल्या माणसाला शिट्टीच वाचवू शकते.

आता पाऊस. पावसाळी भटकंती हा मराठी माणसाचा खास हौसेचा विषय आहे आणि सॅकची खरी परीक्षाही तेव्हाच होते. सॅकवरचं रेनकव्हर पुरेसं आहे, हा पहिला गैरसमज. कव्हर सॅकची बाहेरची बाजू झाकतं. पाठीकडची बाजू उघडीच राहते आणि मानेवरून ओघळणारं पाणी तिथूनच आत मुरतं. शिवाय कव्हरच्या तळाशी पाणी साठतं आणि सॅकचा तळ त्यात बसून राहतो. नाणेघाटासारख्या ठिकाणी, जिथे वारा धबधब्याचं पाणी उलटं वर उडवतो, तिथे कव्हर शिडासारखं फुगतं आणि कधी उडूनही जातं. म्हणून खरा बंदोबस्त आतून करायचा. एक जाड, मोठी प्लास्टिकची पिशवी सॅकच्या आत अस्तरासारखी उभी करायची, सगळं सामान तिच्यात भरायचं, तोंड पिळून दुमडायचं. एवढ्याने ओढा ओलांडताना सॅक बुडाली तरी स्लीपिंग बॅग कोरडी राहते.

त्याच्या आत पुन्हा लहान पिशव्या, शक्यतो वेगवेगळ्या रंगांच्या: लाल औषधांची, निळी कपड्यांची, पिवळी खाण्याची. सॅकच्या आत काळोखच असतो. रंग विजेरीच्या उजेडात पटकन ओळखू येतो. चुरचुर वाजणाऱ्या पातळ पिशव्या मात्र घेऊ नयेत. एक म्हणजे त्या फाटतात, दुसरं म्हणजे पहाटे तीनला देवळात झोपलेल्या बाकी वीस जणांची झोप मोडतात.

कपड्यांबाबत एक नियम कसोशीने पाळावा: रात्रीचा कोरडा जोड कोणत्याही परिस्थितीत दिवसा वापरायचा नाही. भिजलेले कपडे सकाळी पुन्हा अंगावर चढवणं नकोसं वाटतं, पण दोन पावलं चालल्यावर अंग तापतं. कोरडा जोड एकदा भिजला की रात्रीसाठी काही उरत नाही, आणि हुडहुडी भरलेल्या माणसाला गुहेत ऊब द्यायला दुसरं काही जवळ नसतं. सुती कपडा पाणी शोषून धरतो आणि लवकर वाळत नाही. जीन्सचं तर भिजल्यावर वजनच पाय ओढायला लागतं. पटकन वाळणारी सिंथेटिक पँट आणि टी-शर्ट, वर एक लोकरी किंवा फ्लीसचा थर, एवढं सह्याद्रीच्या हिवाळ्याला बहुधा पुरतं.

शिध्याचं गणित निराळं. चरबीच्या एका ग्रॅममध्ये नऊ कॅलरी असतात, पिष्ट पदार्थांच्या एका ग्रॅममध्ये चार. म्हणून शंभर ग्रॅम शेंगदाणे साडेपाचशेच्या वर कॅलरी देतात आणि शंभर ग्रॅम केळं नव्वदच्या आसपास. उरलेलं केळ्यातलं बहुतेक पाणीच, जे पाठीवरून वाहायचं. गूळ-दाणे, तिळाच्या वड्या, राजगिऱ्याचे लाडू, सुकं खोबरं, तिखटमिठाच्या पुऱ्या, दशम्या: आपल्या घरातला प्रवासाचा फराळ या कसोटीवर उत्तम उतरतो. रात्रीच्या खिचडीचे तांदूळ, डाळ, हळद, तिखट आणि मीठ घरूनच एका जेवणाच्या मापाने एकत्र बांधून घ्यावं. गुहेत टोपाच्या वाफेत चाचपडत सात पुड्या उघडण्यापेक्षा एक पुडी सोडणं सोपं.

गटाच्या सामानाची वाटणी पायथ्याशी करण्याची पद्धत चांगली आहे. सगळे शिधा, भांडी आणि दोर एका जागी काढून ठेवतात आणि ताकदीप्रमाणे वाटून घेतात. साडेदहा मिलिमीटर जाडीचा पन्नास मीटर दोर एकटाच साडेतीन किलोच्या घरात जातो. तो घेणाऱ्याकडे तांदूळ देऊ नयेत. आणखी एक जुनी रीत आहे, ती फार माणुसकीची आहे: पहिल्या मुक्कामाला जे शिजणार ते गटातल्या सर्वांत दमणाऱ्याच्या सॅकमध्ये द्यायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचं ओझं आपोआप कमी झालेलं असतं आणि त्याला त्याबद्दल कोणी काही बोललेलं नसतं. पण औषधं, विजेरी आणि पाणी यांची वाटणी कधीच करायची नाही. गट पुढेमागे झाला की ज्याचं त्याच्याजवळच हवं.

प्रत्येक प्रदेशाच्या डोंगरांचे सॅकला स्वतःचे जाच असतात. इथे सात वर्षांनी फुलणारी कारवी पुरुषभर उंच वाढते आणि तिच्यातून जाणारी वाट माणसाच्या रुंदीचीच असते. सॅकवर आडवी बांधलेली कॅरीमॅट दोन्ही बाजूंनी झाडांत अडकते. ती उभी बांधावी, किंवा सॅकच्या आत नळीसारखी गोल उघडून तिच्यात सामान भरावं. करवंदीच्या जाळ्या रेनकव्हर फाडतात. गडांवरची माकडं हातातली पिशवी हिसकतात, कारण पिशवी म्हणजे खाणं हे त्यांना पर्यटकांनीच शिकवलं आहे. गुहांमध्ये आणि देवळांत रात्री उंदीर फिरतात. सॅकच्या खिशात विसरलेल्या बिस्किटासाठी ते कापड कुरतडतात, चेन उघडायची वाट पाहत नाहीत. म्हणून झोपताना खाण्याचे सगळे जिन्नस झाकणाच्या डब्यात.

मुंबईकरांना आणखी एक टप्पा असतो, तो म्हणजे लोकल. शुक्रवारी रात्री कसाऱ्याच्या गाडीत पाठीवर सॅक घेऊन चढणं हा स्वतःला आणि मागच्याला त्रास. सॅक पुढे, छातीशी घ्यावी किंवा फळीवर टाकावी. बाहेरचे सगळे पट्टे आत खोचलेले असावेत, म्हणजे उतरताना ते दुसऱ्याच्या पिशवीत गुंतत नाहीत. पाकीट आणि फोन झाकणाच्या खिशात न ठेवता अंगावर.

ज्या गडांवर मुक्कामाला बंदी आहे, तिथे तर बेतच बदलतो. रात्र गावातल्या घरात, जेवण तिथेच, आणि गडावर फक्त दिवसाची सॅक. यात स्लीपिंग बॅग, टोप, शिधा सगळं वगळलं जातं. उरतात पाणी, खाऊ, पावसाळी जॅकेट, विजेरी, औषधं. दिवसाचीच चाल आहे म्हणून विजेरी घरी ठेवणारे पुष्कळ असतात, आणि अंधारात अडकतात तेही बहुधा तेच.

किती कमी सामानात भागतं याचं सर्वांत विलक्षण उदाहरण अमेरिकेतल्या एमा गेटवूड यांचं. १९५५ साली, वयाच्या ६७ व्या वर्षी, अकरा मुलांची आई असलेल्या या बाईंनी अ‍ॅपलाचियन ट्रेल ही तेव्हा सुमारे ३,३०० किलोमीटर लांबीची डोंगरवाट एकट्याने चालून पुरी केली. खांद्यावर टाकायची डेनिमची पिशवी त्यांनी स्वतः शिवली होती, पायात कापडी बूट होते. तंबू नव्हता, पावसाला न्हाणीघराचा प्लास्टिकचा पडदा होता. सामान सहसा नऊ किलोच्या वर जात नसे. तरीही त्यांची नक्कल करताना सावध राहायला हवं. त्या शेतावर राबलेल्या होत्या, आणि वाटेतल्या वस्त्यांवर मुक्कामाची व जेवणाची विचारणा करायला त्यांना संकोच नव्हता. हलकी सॅक अनुभवातून येते. आपल्याला काय लागत नाही, हे ठाऊक असलेला माणूसच ते घरी ठेवू शकतो.

दुसऱ्या टोकाला नेपाळचे भारवाहक आहेत. एव्हरेस्टच्या वाटेवर नामचे बाजारकडे जाणाऱ्या भारवाहकांचा अभ्यास २००५ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. पुरुषांच्या पाठीवरचं सरासरी ओझं त्यांच्या स्वतःच्या वजनाच्या ९३ टक्के होतं. डोको नावाची टोपली आणि कपाळावरून जाणारा नाम्लो हा पट्टा एवढंच त्यांचं साहित्य. ते संथ चालतात आणि वारंवार थांबतात. हिमालयात गेलेल्या आपल्या मंडळींनी हे बघून भारवाहकाच्या किंवा खेचराच्या हवाली वाटेल तेवढं सामान करणं योग्य नाही. ते ओझं कोणाच्या तरी पाठीवर असतंच. आणि खेचरं कित्येकदा तासभर मागे राहतात, म्हणून गरम जॅकेट, पावसाळी कपडे, पाणी आणि औषधं आपल्या छोट्या सॅकमध्येच हवीत. चार हजार मीटरवर ढग उतरले की खेचराची वाट पाहत बसायला वेळ नसतो.

परत आल्यावरचं काम बहुतेक जण टाळतात. सॅक तशीच कोपऱ्यात पडते आणि पुढच्या रविवारी उघडल्यावर आतून कुबट वास येतो. सॅकच्या आतल्या बाजूला पाणी अडवणारा पॉलियुरेथेनचा पातळ थर असतो. कोकणातल्या आणि मुंबईतल्या दमट हवेत ओली सॅक बंद राहिली की तो थर चिकट होतो, मग पापुद्र्यांसारखा सुटतो. म्हणून घरी पोचल्या दिवशीच सगळे खिसे उलटे करावेत, चिखल साध्या पाण्याने आणि मऊ ब्रशने काढावा, वॉशिंग मशीनमध्ये टाकू नये, आणि सावलीत उलटी टांगून वाळवावी. विजेरीतले सेल काढून ठेवावेत, औषधांच्या पिशवीतल्या संपलेल्या वस्तू त्याच दिवशी भराव्यात. याच वेळी सॅकमधून निघालेल्या सामानाचे तीन ढीग करावेत: रोज लागलेलं, लागलं नाही पण पुन्हा न्यावंच लागेल असं, आणि उगाच वाहिलेलं. दुसऱ्या ढिगात औषधं, जादा सेल आणि पावसाळी जॅकेट. तिसऱ्यात काय आहे ते एका कागदावर लिहून सॅकच्या झाकणाच्या खिशात ठेवावं. पुढच्या खेपेला सतरंजीवर सामान पसरताना तो कागद आधी काढायचा.